डांबरी लागेपर्यंत: आडरानात अडलेल्या गाडीची तात्पुरती दुरुस्ती

तोरण्याच्या मागच्या अंगाला एका पठारावर आमच्या जुन्या डिझेल गाडीचा रेडिएटरचा पाइप फुटला, तेव्हा मोबाइलला रेंज नव्हती आणि सगळ्यात जवळचा धनगरवाडा तासाभराच्या चालीवर होता. सोबत पान्यांची भली मोठी पेटी होती, पण कामाला आली ती सायकलची फाटकी ट्यूब, तीही कोणीतरी सीटखाली कोंबून ठेवलेली. तेव्हापासून मी आडवाटेच्या दुरुस्तीचा हिशेब बदलला. तिथे गाडी दुरुस्त होत नसते. तिला दहा-बारा किलोमीटर कसं न्यायचं, जिथपर्यंत टेम्पो येऊ शकतो तिथवर, एवढंच ठरवायचं असतं.

हा हिशेब धरला की निम्मी कामं आपोआप गळतात. एसी, डायनॅमो, शॉक अब्सॉर्बर, चारांपैकी दोन चाकांची ताकद, अगदी क्लचसुद्धा, यांच्यावाचून गाडी चालते. स्टेअरिंग, इंजिनातलं ऑइल, इंजिनाचं पाणी आणि थोडाफार ब्रेक यांच्यावाचून चालत नाही. आधी हे पाहा की मोडलंय ते कुठल्या यादीतलं. पहिल्या यादीतलं असेल तर पुष्कळदा दुरुस्तीच नको, मोडका भाग काढून मागे टाकायचा आणि निघायचं.

हात लावण्याआधी

गाडी बंद करा, सपाटीला असेल तर तिथेच, उतारावर असेल तर आधी चाकांना दगड लावा. हँडब्रेकवर भरवसा नको. एप्रिल-मे असेल तर सायलेन्सरखाली वाळलेलं गवत नाही ना बघा; तापलेल्या पाइपाने वणवा लागायला वेळ लागत नाही. मग दहा मिनिटं काहीही करू नका. पाणी प्या, बॉनेट उघडा, वास घ्या, खाली वाकून कुठे काय गळतंय ते पाहा. ऑइल बोटाला चिकट लागतं, कूलंटला गोडसर वास येतो, डिझेलचा वास तर लपतच नाही, आणि ब्रेक ऑइल रंगाला लागलं तर रंग सोलून काढतं. नुसत्या एसीचं पाणी ठिबकत असताना घाबरून गाडी खोलायला बसलेले लोक मी पाहिले आहेत.

गाडीखाली जायचं असेल तर नुसत्या जॅकवर कधीही नाही. स्टेपनी काढा आणि चॅसिसखाली आडवी सरकवा. जॅक घसरला तरी गाडी टायरवर बसेल, तुमच्यावर नाही. मऊ जमिनीत जॅकखाली फळी हवी. फळी नसेल तर एखादा रुंद, सपाट कातळाचा तुकडा चालतो, पण तो आधी पायाने दाबून बघा.

सामानाची लांबलचक यादी देत नाही. माझ्या डब्यात नेहमी असतं ते एवढंच: एमसीलची (दोन भाग मळून लावायच्या लांबीची) तीन-चार पाकिटं, सायकलची जुनी ट्यूब, बांधकामावर सळया बांधायला वापरतात ती बाइंडिंग तार, पकड, व्हाइस ग्रिप, वेगवेगळ्या मापांच्या होज क्लिपा, कपड्यांच्या साबणाची वडी, केबल टाय, इन्सुलेशन टेप, दोन जाड वायरी, फ्यूज, ट्यूबलेस पंक्चरचं किट, बॅटरीवर चालणारा हवेचा पंप, जाड दोन रॅचेट पट्टे, पाच लिटर पाणी आणि दोन लिटर इंजिन ऑइल. शिवाय जुना पट्टा. गॅरेजमध्ये इंजिनाचा नवीन पट्टा बसवला की जुना फेकू देऊ नका, तोच गाडीत ठेवायचा. तो बसतो हे आधीच सिद्ध झालेलं असतं.

गाडी तापली

आडवाटेवर सगळ्यात जास्त वेळा हेच होतं. लो गिअरमध्ये इंजिन फिरतंय जोरात आणि गाडी सरकतेय बैलगाडीच्या वेगाने, त्यामुळे समोरून हवा मिळत नाही. काटा चढतोय पण कुठे गळती नाही, असं असेल तर थांबा, इंजिन आयडलवर चालू ठेवा, हीटर पूर्ण उघडा, पंखा जोरात लावा. हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच असतो. उन्हाळ्यात बसवत नाही, पण काटा उतरतो. पाइप फुटला असेल किंवा वाफ येत असेल तर मात्र तत्काळ इंजिन बंद.

रेडिएटरचं झाकण अर्धा-पाऊण तास उघडायचं नाही. आतलं पाणी दाबाखाली असतं, म्हणून ते शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण काढताच दाब जातो आणि सगळं एकदम उकळून तोंडावर येतं. तापलेल्या इंजिनात थंडगार पाणीही ओतू नका, हेडला तडा जातो.

आता पाइप. तो बहुतेक वेळा क्लिपपाशी, टोकालाच चिरतो. तसं असेल तर चिरलेला दोन-तीन सेंटीमीटरचा तुकडा सुरीने सरळ कापून टाका आणि उरलेला पाइप ओढून पुन्हा बसवा. याहून चांगली दुरुस्ती नाही, गॅरेजवालाही हेच करेल. मधेच चिरला असेल तर असं करा:

१. पाइप कोरडा करा, फडक्याने तेलकटपणा पुसा.
२. सायकल ट्यूबच्या तीन बोटं रुंद, लांब पट्ट्या कापा.
३. चिरेच्या चार बोटं आधीपासून सुरुवात करून पट्टी पूर्ण ताणून गुंडाळा, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा चढला पाहिजे. चिरेच्या पलीकडे चार बोटं जा आणि उलट फिरून परत या.
४. दोन्ही टोकांना आणि चिरेच्या बरोबर वर होज क्लिप आवळा. क्लिप नसेल तर बाइंडिंग तारेचे दोन वेढे, पकडीने पीळ देऊन. तार रबरात रुतेल इतकी आवळू नका.
५. पाणी भरा आणि झाकण पूर्ण न आवळता पहिल्या खाचेवर ठेवा.

पाचवी पायरी लोक विसरतात, आणि तीच सगळ्यात महत्त्वाची. झाकण सैल ठेवलं की आत दाब तयार होत नाही, आणि दाब नसेल तर तुमची ट्यूबची पट्टी पाच किलोमीटरऐवजी पन्नास किलोमीटर टिकते. किंमत एवढीच की पाणी लवकर उकळतं आणि दर थोड्या वेळाने भरावं लागतं. सह्याद्रीत हजार मीटर उंचीवर पाणी ९७ अंशांच्या आसपास उकळतं, म्हणजे निभावतं. पण मनाली-लेह रस्त्यावर टांगलांग ला ५,३०० मीटरच्या वर आहे, तिथे पाणी साधारण ८२-८३ अंशांनाच उकळू लागतं. लडाखला जाणाऱ्यांनी ही युक्ती घाट उतरताना वापरावी, चढताना नाही.

रेडिएटरच फुटला असेल तर बघा कुठे. पितळी रेडिएटरची एखादी नळी फुटली असेल तर आजूबाजूच्या जाळ्या पकडीने बाजूला करा, नळी तोडा, दोन्ही टोकं दुमडून चपटी करा आणि वरून एमसील लावा. एक-दोन नळ्या कमी झाल्याने फरक पडत नाही. वरच्या प्लास्टिकच्या टाकीला तडा असेल तर तो कोरडा करून खाण्याच्या सोड्याची चिमूट भरायची आणि त्यावर फेविक्विकचे थेंब. क्षणात दगडासारखं होतं, अंगावर वाफही येते, तेव्हा नाक लांब ठेवा.

आणि हळद. ट्रकवाले रेडिएटरमध्ये हळद टाकतात ते थोतांड नाही. टाचणीएवढ्या छिद्रातून झिरपत असेल तर दोन चमचे हळदीची पूड पाण्याबरोबर फिरून छिद्रापाशी साचते आणि गळती थांबते. पण तिला छिद्र आणि बारीक नळी यांतला फरक कळत नाही. नव्या गाड्यांच्या केसासारख्या बारीक नळ्यांत मी ती टाकणार नाही.

पट्टा तुटला तर आधी बघा तो काय काय फिरवत होता. नुसता डायनॅमो असेल तर चिंता नाही, दिवे-एसी बंद करा आणि बॅटरीवर चला. दिवसा काही तास सहज निघतात. वॉटर बॉडी, म्हणजे इंजिनाचं पाणी फिरवणारा पंपही त्याच पट्ट्यावर असेल तर पाणी फिरणार नाही. जुन्या गाड्यांच्या व्ही आकाराच्या पुलीवर नायलॉनची दोरी तीन-चार वेढे ताणून बांधली तर कमी रेसवर थोडे किलोमीटर जाता येतं. सपाट, धारीच्या पट्ट्यावर ही दोरी टिकत नाही, प्रयत्नात वेळ घालवू नका. तिथे किलोमीटरभर जा, थांबा, गार होऊ द्या, परत जा.

चेंबर फुटला

चेंबर म्हणजे इंजिनाच्या तळाचं ऑइलचं भांडं. सह्याद्रीचा दगड बेसॉल्टचा आहे, तो झिजत नाही, तोच लोखंडाला झिजवतो. चाकांच्या मधल्या उंचवट्यावरून गाडी नेताना खालून ठण्ण आवाज आला आणि ऑइलचा लाल दिवा लागला, तर तोच क्षण शेवटचा समजून इंजिन बंद करा. पन्नास मीटर पुढच्या सावलीचा मोह इंजिन खातो. गिअरबॉक्स किंवा डिफरन्शियल थोडं अंतर अर्धपोटी चालतात, इंजिन चालत नाही.

पाण्याच्या कॅनचं पोट कापून भांडं करा आणि गळणारं ऑइल त्यात धरा. ते सुती फडक्यातून गाळून परत वापरायचं आहे, आणि तसंही ओढ्याकाठच्या मातीत ते जाऊ देणं बरोबर नाही. मग फुटकी बाजू जॅकने शक्य तितकी उचला म्हणजे तडा ऑइलच्या पातळीच्या वर येईल. तडा पेट्रोलने किंवा सॅनिटायझरने पुसा, दगडाने किंवा सुरीने घासून खरबरीत करा, पुन्हा पुसा. एमसीलचे दोन्ही भाग एकच रंग येईपर्यंत मळा. अर्धवट मळलेलं कधीच कडक होत नाही. ते तड्यात अंगठ्याने दाबून भरा, वरून पत्र्याच्या डब्याचा तुकडा ठेवा, त्याच्या कडाही लिंपा. निदान तासभर हात लावू नका. संध्याकाळ झाली असेल तर तिथेच मुक्काम करा आणि सकाळी ऑइल ओता. रात्रभर सुकलेलं एमसील आणि तासभर सुकलेलं एमसील यांत फार फरक असतो.

ड्रेन बोल्टच उडाला असेल तर लाकडाची खुंटी तासून, फडकं गुंडाळून ठोका. डिझेल किंवा पेट्रोलची टाकी फुटली असेल तर एमसीलआधी साबण. कपड्यांच्या साबणाची वडी तड्यावर दाबून घासत राहा, साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, गळती जागेवर थांबते. बिडी ओढणाऱ्या मदतनीसाला तेवढा वेळ लांब पाठवा.

टायर

साध्या पंक्चरबद्दल लिहीत नाही, ते सगळ्यांना येतं. बाजूची भिंत फाटली तर गॅरेजवाला टायर फेकायला सांगेल, आणि बरोबरच सांगेल. पण आधी स्टेपनी, आणि तीही गेली असेल तर त्या चिरेत एकेक करून पंक्चर किटमधल्या चार-पाच स्ट्रिपा (रबरी वाती) कोंबायच्या, हवा कमी ठेवायची आणि पंधरा-वीसच्या वर जायचं नाही. मोठी फाट असेल तर आत ट्यूब टाका, आणि ट्यूब फाटीतून फुगून बाहेर येऊ नये म्हणून मधे जुन्या टायरचा किंवा जाड कॅनव्हासचा तुकडा ठेवा.

चिखलासाठी हवा १८-२० पीएसआयपर्यंत उतरवली आणि वळताना टायर रिमवरून निसटला, हा नेहमीचा प्रकार. चाक उचला, रिमच्या खोबणीतला चिखल पूर्ण काढा, साबणाचं पाणी लावा. टायरच्या मधोमध गोल रॅचेट पट्टा बांधून आवळा, म्हणजे कडा बाहेर फेकल्या जाऊन रिमला टेकतील, आणि मग हवा भरा. 'फट्' असा आवाज आला की बसला. लगेच पट्टा सोडा. पेट्रोल शिंपडून काडी लावायचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. त्या माणसांच्या भुवया जवळून पाहिल्या तर तो प्रयोग करावासा वाटणार नाही.

चाकाचे नट हरवले तर बाकीच्या तीन चाकांतून एकेक काढा.

पाटा, शाफ्ट, टाय रॉड

पाट्यांच्या (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या) गाडीत मेन पाटा डोळ्यापाशी, म्हणजे टोकाच्या कडीपाशी तुटला की अॅक्सल मागे सरकतो, टायर मडगार्डला घासतो आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते. बॉडी उचला, अॅक्सल टॉमीने ढकलून जागेवर आणा, आणि साखळीने किंवा रॅचेट पट्ट्याने त्याला पुढच्या बाजूने चॅसिसला बांधा. अॅक्सल आणि चॅसिसच्या मधे लाकडी ठोकळा घाला आणि तोही बांधा. बाभळीचं किंवा तशाच चिवट झाडाचं पडलेलं लाकूड बघा. सागाच्या फळीचा तुकडा फुटतो. त्या बाजूचं सामान आणि माणसं दुसऱ्या बाजूला. शॉक अब्सॉर्बर तुटला असेल तर सरळ काढून मागे टाका.

प्रॉपेलर शाफ्टचा, म्हणजे चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याचा, क्रॉस (सांधा) तुटला तर फोर-बाय-फोर असण्याचा खरा फायदा त्या दिवशी कळतो. मागचा शाफ्ट खोला, पुढच्या चाकांचे हब लॉक असतील तर लॉक करा, फोर-हाय (चारही चाकांना ताकद, नेहमीचा वेग) टाका. गाडी आता पुढच्या चाकांवर चालेल. पुढचा शाफ्ट गेला असेल तर तो काढून टू-व्हीलमध्ये चला. पण बोल्ट सैल करण्याआधी चारही चाकांना दगड लावा. मागचा शाफ्ट निघाला की गिअरमध्ये ठेवून मागची चाकं अडत नाहीत, आणि काही जुन्या गाड्यांचा हँडब्रेक त्याच शाफ्टवर असतो. शाफ्टचं टोक थेट ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) आत जात असेल तर तिथून ऑइल येईल. प्लास्टिकची पिशवी दुमडून, केबल टायने आवळून तोंड बंद करा.

टाय रॉड, म्हणजे स्टेअरिंगने चाकं वळवणारा दांडा, वाकला तर काढून दोन दगडांवर ठेवा आणि जमेल तितका सरळ करा. मग त्याला एखादा लांब पाना किंवा लोखंडी अँगल बाजूने लावून तारेने घट्ट बांधा, मोडल्या हाताला कामट्या बांधतात तसं. जॉइंटच निखळला असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: गाडी तिथेच ठेवा आणि चालत जा. दोरीने बांधलेल्या स्टेअरिंगवर घाट उतरणाऱ्याला मी हुशार म्हणत नाही.

ब्रेक

एका चाकाचा रबरी पाइप कापला गेला तर त्याच्या वरच्या बाजूला, धातूच्या नळीपाशी, फडकं गुंडाळून व्हाइस ग्रिप आवळा. धातूची नळी कापली असेल तर टोक दोनदा दुमडून दगडावर ठोकून चपटं करा. त्या चाकाला ब्रेक नाही, पण बाकी तिघांचं ऑइल वाचलं. ब्रेक ऑइल भरा, पेडल दाबून हवा काढा आणि सपाटीवर माणसाच्या चालीने तपासा. ब्रेक ऑइल संपलं म्हणून इंजिन ऑइल ओतू नका. आतले रबर फुगतात आणि सगळीच चाकं जातात. उतार फोर-लोमध्ये (चारही चाकांना ताकद, हळू वेग), पहिल्या गिअरवर, क्लचला पाय न लावता उतरायचा.

सेल्फ टकटक करतो, गाडी उठत नाही

नव्वद टक्के वेळा बॅटरी मेलेली नसते, टर्मिनल सैल असतो. हाताने हलवून बघा, हलला तर मधे तांब्याच्या वायरीचे दोन वेढे घालून दाबा. तो घट्ट असेल तर इंजिनाची अर्थ पट्टी तुटली आहे का पाहा. जम्पर केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावा. लगेच उठली तर दोष सापडला. जुन्या सेल्फला हातोडीच्या दांड्याने हलकं ठोकलं तरी कधीकधी अडकलेला सुटतो.

फ्यूज गेला तर तेवढ्याच अँपिअरचा एसीचा किंवा टेपचा काढून लावा: लाल १०, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. सिगारेटच्या पाकिटातली चांदी लावून वायरिंग पेटवलेल्या गाड्या कमी नाहीत. रेडिएटरचा विजेवरचा पंखा फिरत नसेल तर आधी हॉर्नचा सारखाच दिसणारा रिले तिथे घालून बघा, नाही जमलं तर फ्यूज मधे घेऊन बॅटरीवरून थेट वायर द्या.

क्लच गेला असेल तर इंजिन बंद असताना पहिला गिअर टाका आणि सेल्फ मारा. गाडी उसळत उसळत चालू होईल. ज्या नव्या गाड्या क्लच दाबल्याशिवाय सेल्फच घेत नाहीत, त्यांना हे जमत नाही. डिझेल फिल्टर बदलताना किंवा टाकी कोरडी पडल्यावर हवा धरली असेल तर फिल्टरवरचा हँड पंप कडक लागेपर्यंत दाबा. मात्र कॉमन रेल इंजिनच्या (नव्या डिझेल गाड्यांच्या) इंजेक्टरच्या नळ्या चालू गाडीत सैल करून हवा काढायची जुनी सवय जिवावर बेतते. तिथे हजार बारहून जास्त दाब असतो, डिझेलची धार कातडीत घुसते.

ओढ्यात बंद पडली

पुन्हा सेल्फ मारू नका. हे वाक्य स्टेअरिंगवर लिहून ठेवण्यासारखं आहे. इंजिनाने पाणी ओढलं असेल तर पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतात. आधी दोरीने बाहेर ओढा. एअर फिल्टर उघडा: कोरडा असेल तर नशीब. ओला असेल तर पेट्रोल गाडीचे स्पार्क प्लग, डिझेलचे ग्लो प्लग किंवा इंजेक्टर काढा, सगळे लांब उभे राहा आणि सेल्फ मारा. पाण्याचे फवारे संपेपर्यंत. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर ते बदलल्याशिवाय इंजिन चालवायचं नाही, आणि सोबतचं दोन लिटर त्याला पुरणार नाही. तेव्हा ओढून न्या.

निघाल्यावर

पहिल्या पाचशे मीटरवर थांबून बांधलेलं सगळं पुन्हा आवळा, मग दर दोन किलोमीटरवर. खाली उतरून प्रत्येक चाकाच्या मधल्या भागाजवळ हात न्या. एकच चाक बाकीच्यांपेक्षा तापलंय का ते कळतं. दुसरी गाडी असेल तर तिला मागे ठेवा, म्हणजे काही पडलं तर तिला दिसेल. रेंज मिळताच घरी आणि गरज असेल तर ११२ वर कळवा. अंधार पडल्यावर अनोळखी वाटेने चालत निघण्यापेक्षा गाडीत झोपलेलं बरं.

गावात पोहोचल्यावर मिस्त्रीला काय काय केलंय ते एकूण एक सांगा: कुठे एमसील आहे, कुठली नळी दुमडली आहे, कुठला नट कुठल्या चाकातून काढला आहे. आमच्या त्या गाडीत हळद घातल्याचं सांगायचं राहून गेलं होतं. दोन दिवसांनी मिस्त्रीने रेडिएटर उघडला आणि फोन करून विचारलं, "साहेब, आत खोबरंबिबरं पण घातलंय का?"